पुंगळीची जाळी आणि मऊ आवाज: वाचकांचे प्रश्न

या अंकात फक्त सायलेन्सरच्या, म्हणजे पुंगळीच्या, जाळीबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. जाळी म्हणजे आवाज उतरवण्यासाठी सायलेन्सरच्या आत बसवलेली भोकांची नळी. कराडच्या वाचकाला उत्तर सविस्तर दिलं आहे, कारण त्यांनी मापं घेऊन पत्र लिहिलं आहे आणि बाकीच्या बऱ्याच शंकांची उत्तरं त्यातच मिळतात.

प्रश्न: माझ्याकडे २०१४ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आहे, कार्बोरेटरवाली. आधीच्या मालकाने कंपनीचा सायलेन्सर काढून शॉर्ट बॉटल (बाजारात मिळणारा आखूड सायलेन्सर) बसवला आणि त्यातली जाळीही काढून टाकली. आवाज इतका फाटका येतो की सकाळी सहाला मी गाडी ढकलत मुख्य रस्त्यापर्यंत नेतो आणि तिथे चालू करतो. मला फायरिंग, म्हणजे ती धपधप, हवी आहे, पण मऊ. बॉटलचा आतला व्यास ७५ मिमी, लांबी ४५० मिमी, मागच्या तोंडाचा आतला व्यास ५० मिमी. आत काहीही नाही. जाळी कशी बनवून घ्यावी? (कराड)

उत्तर: कंपनीचा मूळ सायलेन्सर मिळत असेल तर तोच परत बसवा, हा आमचा पहिला सल्ला. तो मंजुरी मिळालेला असतो आणि आवाजही तुम्हाला हवा तसाच मऊ असतो. तो मिळेपर्यंत गाडी वापरायची असेल तर खालची जाळी बनवा. मात्र जाळी घातल्याने आवाज उतरतो, बॉटल कायदेशीर होत नाही.

आता आवाजाकडे वळू. तुमच्या इंजिनात एकच सिलिंडर, चार स्ट्रोक. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, दर दोन फेऱ्यांत एक याप्रमाणे मिनिटात १५०० स्फोट, म्हणजे सेकंदाला २५. हीच ती धपधप. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो आणि वायू झटक्याने सुटतो. या झटक्यातून धपधपीच्या जोडीला उंच पट्टीचा कडकडाटही निघतो. आपला कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, आणि फाटकेपणा नेमका तिथेच ऐकू येतो. जाळीभोवती गुंडाळलेला काचतंतूंचा थर या उंच पट्टीच्या आखूड लहरी शोषून त्यांची उष्णता करतो. २५ हर्ट्झची लहर मात्र कित्येक मीटर लांब असते, तिला हा थर जाणवतसुद्धा नाही. ती उतरवायला पोकळी मोठी लागते. सिलिंडरच्या निदान दहापट आकारमानाचा सायलेन्सर असावा, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. तुमच्या बॉटलमध्ये जेमतेम २ लिटर जागा आहे, म्हणजे ३४६ सीसीच्या सहापटही नाही. त्यामुळे जाळीने कडकडाट जाईल, ठोका राहील, आणि तो मूळ सायलेन्सरपेक्षा मोठाच राहील. कुणी याहून जास्त कबूल करत असेल तर विश्वास ठेवू नका.

जाळी दोन जातींची असते, आणि त्यांचा हिशेब वेगवेगळा आहे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. पहिली जात बंद तोंडाची: नळीचं एक टोक बंद आणि वायू भोकांतून वळून जातो. तिच्यात सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ नळीच्या दीडपट लागतं, कारण भोकातून वायू सरळ नळीइतका सहज जात नाही. आतून ३५ मिमीच्या नळीचं क्षेत्रफळ ९६२ चौ. मिमी आणि ६ मिमीच्या एका भोकाचं सुमारे २८. म्हणजे बरोबरीला ३४ भोकं आणि दीडपटीला ५१. सहा ओळींत नऊ-नऊ अशी ५४ पाडली की झालं. ही जाळी आवाज चांगला दाबते, पण वरच्या वेगात इंजिनाचा दम कोंडतो.

दुसरी जात आरपार नळीची, बाहेरून तंतू गुंडाळलेली. वायू सरळ निघून जातो, फक्त आवाज भोकांमधून तंतूंत शिरतो. इथे ५४ भोकं अगदीच कमी पडतात. २५० मिमी लांब नळीचा जेमतेम पाच-सहा टक्के भाग उघडा राहतो आणि तंतू असूनही नसल्यासारखे होतात. निदान २५ टक्के भाग उघडा हवा. म्हणून नळीला हाताने भोकं पाडत बसू नका, तयार भोकांचा पत्रा घ्या. ३ मिमी भोक आणि ५ मिमी अंतर, तिरक्या ओळींचा पत्रा घेतलात तर सुमारे ३२ टक्के उघडा भाग मिळतो. तुमच्या गाडीला हीच जात योग्य.

साहित्य: १.२ मिमी जाडीचा स्टेनलेस ३०४ चा भोकांचा पत्रा, ११६ बाय २५० मिमी. स्टेनलेस लोकर थोडी. ६ मिमी जाडीचा, बाइंडर (तंतू चिकटवणारं रेझिन) नसलेला काचतंतूंचा नीडल मॅट, म्हणजे सुईने गुंफलेला मॅट, १४० बाय २२० मिमी. स्टेनलेसची बारीक विणीची तारजाळी, मॅटवर एक वेढा बसेल एवढी. १ मिमी स्टेनलेस तार दोन मीटर. शिवाय लेथवर काढलेल्या दोन रिंगा. साधा लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, पण सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, आणि गाडी दोन-तीन किलोमीटर चालून थांबली की त्यातलं बरंच पुंगळीतच साचतं. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप तर वापरूच नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि तो नाकात गेला की वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो.

मागची रिंग हे या जाळीचं हृदय आहे. बाहेरचा व्यास ४९.५ मिमी, जाडी १५ मिमी. पुढच्या बाजूने ३८ मिमी व्यासाचा ५ मिमी खोल खड्डा, त्यात नळी बसेल. मधून आरपार भोक २५ मिमी. मागच्या कडेपासून ५ मिमीवर, बाजूने ५ मिमीचं भोक पाडून एम ६ चा टॅप मारून (६ मिमी बोल्टचे आटे पाडून) घ्या. पुढची रिंग ३ मिमी पट्टीची, बाहेरून ४९ आणि आतून ३८.

पत्रा ३५–३६ मिमीच्या सळईवर गोल वळवा, सांधा आतून सपाट ठेवून वेल्डिंगचे टाके मारा. नळी बाहेरून ३८ भरली पाहिजे. ती मागच्या रिंगेच्या खड्ड्यात बसवून चारही बाजूंनी वेल्ड करा. मग नळीवर स्टेनलेस लोकरीचा पातळ थर द्या. तो नसेल तर वायूचे धक्के काचतंतू तोडून भोकांतून ओढून नेतात. त्यावर मॅटचा एकच वेढा, त्यावर तारजाळी, आणि दर ३० मिमीवर तारेची आवळी. बाहेरचा व्यास ४९ च्या आत राहिला पाहिजे, पण मॅट दाबून दगड करू नका. तंतूंमध्ये हवा खेळली तरच आवाज शोषला जातो. शेवटी पुढची रिंग सरकवून तिला दोन-तीन टाके मारा.

बसवताना बॉटलच्या मागच्या तोंडाला, खालच्या अंगाला ६.५ मिमीचं भोक पाडा. रिंगेला कॉपर ग्रीस लावा, जाळी आत सरकवा आणि एम ६ बोल्ट स्प्रिंग वॉशर घालून कसा. जाळीचं पुढचं टोक बॉटलला वेल्ड करू नका. २५० मिमीची नळी तापल्यावर जवळपास एक मिमी लांबते, तिला सरकायला जागा हवी. दोन्ही टोकं पक्की केली तर टाके तुटतात आणि बॉटलमध्ये खुळखुळा वाजू लागतो. एका सिलिंडरच्या गाडीची थरथर मोठी असते. पहिले ५० किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा कसा, आणि जमल्यास डोक्याला भोक पाडून सेफ्टी वायर ओवा. सुटलेली जाळी मागून येणाऱ्या दुचाकीस्वारावर जाते, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

२५ मिमीचं भोक आम्ही मुद्दाम लहान सांगितलं आहे. लेथवर भोक वाढवता येतं, कमी करता येत नाही. खंबाटकी घाट तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढून पाहा. वर जाताना गाडी गुदमरल्यासारखी वाटली, बेंडपाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी) नेहमीपेक्षा निळसर पडू लागला, तर रिंग २८ मिमीपर्यंत वाढवून घ्या. क्षेत्रफळ ४९१ वरून ६१६ चौ. मिमी होतं, हा फरक मोठा आहे. २८ च्या पुढे गेलात तर फाटकेपणा परत येऊ लागतो.

जाळी बसल्यावर शीळ ऐकू आली तर नळीच्या आतून बोट फिरवून पाहा. पत्र्याच्या भोकांना राहिलेली बर, म्हणजे धारदार कड, वायूला कापते. बर नेहमी तंतूंच्या बाजूला यावी अशा बेताने पत्रा वळवा, आणि आतला भाग गोल कानशीने साफ करा. आवाज डब्यावर काठी मारल्यासारखा येत असेल तर दोष जाळीचा नाही, बॉटलचा पत्राच पातळ आहे. त्याला इलाज नाही.

राहिलं ट्यूनिंग. आधीच्या मालकाने मोकळ्या पुंगळीसाठी कार्बोरेटरमध्ये मोठा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) टाकला असेल, तर जाळीनंतर मिश्रण जाड होईल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. एकसारख्या वेगात १० किलोमीटर चालवा, इंजिन बंद करून प्लग काढा. कोरडी काळी काजळी दिसली तर मूळ जेट परत घाला. फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका. थ्रॉटल सोडल्यावर फटफट फुटत असेल तर जेटच्या मागे लागण्याआधी बेंडपाइपचे सांधे तपासा. सांध्यातून शिरलेली ताजी हवा न जळलेल्या पेट्रोलला पुंगळीत पेटवते. गॅस्केट बदलूनही थांबलं नाही, तर मंद गतीचं मिश्रण किंचित जाड करा. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर सोडल्याने मिश्रण जाड होतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत घेतल्याने. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही.

प्रश्न: एसी डक्टला लावतात ती पिवळी काचलोकर सायलेन्सरमध्ये भरली. आठ दिवस आवाज छान होता, मग पूर्ववत झाला. मागच्या नंबरप्लेटवर बारीक तंतू चिकटलेले दिसले. कुठे चुकलं? (इचलकरंजी)

उत्तर: लोकर चुकली. डक्टच्या लोकरीतले तंतू रेझिनने एकमेकांना चिकटवलेले असतात. ते रेझिन अडीचशे अंशांच्या आसपास जळतं, पुंगळीत तापमान त्याच्या वर जातं. चिकटवण गेलं की सुटे तंतू वायूबरोबर बाहेर. बाइंडर नसलेला, सुईने गुंफलेला काचतंतूंचा मॅट मागा. भट्टीच्या कामाला लागणारं सिरॅमिक ब्लँकेट १२६० अंशांचं मिळतं, उष्णता ते आरामात सोसतं, पण ठिसूळ असतं. वापरायचंच तर नळी आणि ब्लँकेटच्या मध्ये स्टेनलेस लोकर हवीच.

किती भरायचं, हेही बरेच जण अंदाजाने ठरवतात. एका लिटर जागेला १२० ग्रॅमच्या आसपास धरा. ७५ मिमीच्या नळकांड्यात ३८ मिमीची नळी आणि २५० मिमी लांबी असेल तर मधली जागा ०.८२ लिटर, म्हणजे १०० ग्रॅम पुरे. कमी पडलं तर थर एका कोपऱ्यात गोळा होतो, ठासलं तर शोषत नाही. जुने तंतू काढताना नाकावर चांगला मास्क लावा, जाळी पाण्याने ओली करा, झटकू नका. एअरगन तर मुळीच मारू नका. ते तंतू फुप्फुसात जाण्यासारखे असतात.

प्रश्न: यामाहा आरएक्स १०० चा आवाज बसका झालाय, पिकअपही गेला. गॅरेजवाला म्हणतो जाळी काढून टाकू, आवाज आणि पिकअप दोन्ही येईल. काढू का? (कोल्हापूर)

उत्तर: काढू नका, साफ करा. टू-स्ट्रोकची पुंगळी हा इंजिनाचाच भाग आहे. पोटातल्या उतरत्या शंकूवरून परतलेली दाबलहर, पोर्टमधून (सिलिंडरच्या धूर सोडणाऱ्या तोंडातून) निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. मागची बारीक नळी आणि जाळी पोटातला दाब धरून ठेवतात. जाळी काढली की खालच्या वेगातला जोर जातो, मिश्रण पातळ पडू शकतं, आणि लांबच्या उताराला पिस्टन चिकटण्याची भीती राहते. पहिले दोन दिवस पिकअप आल्यासारखा वाटतो तो तुंबलेली वाट मोकळी झाल्यामुळे. स्वच्छ जाळीनेही तेवढाच येईल.

मागच्या टोकाचा बोल्ट काढा. जाळी अडकली असेल तर रात्रभर डिझेल सोडून ठेवा, मग पकडीने पिळत ओढा. १० लिटर पाण्यात १ किलो कॉस्टिक सोडा टाका. सोड्यावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात सोडा हळूहळू टाकायचा, नाहीतर उसळतो. रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, प्लॅस्टिकच्या बादलीत, घराबाहेर. जाळी १२ तास बुडवून ठेवा, तारेच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमचा कोणताही भाग त्यात जाऊ देऊ नका, सोडा तो खाऊन टाकतो. भोकं मोकळी झाली की वाळवून तेलाचा हात फिरवा. एक्झॉस्ट पोर्टही बघा, पिस्टन खाली घेऊन लाकडी काडीने काजळी खरवडा.

एवढं करूनही आवाज कर्कश वाटला तर जाळीभोवती, तिच्या आणि बाहेरच्या नळीच्या मधल्या जागेत, मॅटचा एक वेढा द्या. जाळीचा आतला व्यास मात्र मूळचाच राहिला पाहिजे. तेलाने हे तंतू लवकर माखतात, दर मोसमाला बदलावे लागतील. जाळी पुन्हा दोन-तीन महिन्यांत तुंबली तर ऑटोल्यूब पंपाच्या (इंजिनाला तेल पुरवणाऱ्या पंपाच्या) केबलची खूण जुळते का पाहा, आणि जासो या जपानी मानकाच्या एफसी किंवा एफडी दर्जाचंच टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घाला.

प्रश्न: नवीन बीएस-६ क्लासिकचा आवाज फारच मिळमिळीत आहे. सायलेन्सरच्या आतल्या मागच्या पडद्याला १० मिमीचं भोक पाडलं तर चालेल का? (नाशिक)

उत्तर: नाही. एकदा पाडलेलं भोक बुजवायला सायलेन्सर कापावा लागतो, वॉरंटी जाते, आणि आवाज गंभीर होण्याऐवजी फसफसता होतो. बेंडपाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या जवळपास सांधा जरी गळला तरी सेन्सरला जास्त हवा दिसते आणि इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, विनाकारण पेट्रोल वाढवतो. ते जादा पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जळून त्याला तापवतं. गाडीच्या मॉडेलसाठी मंजूर असलेली कंपनीची ॲक्सेसरी असेल तरच बदल करा. आणि एकदा सायलेन्सरचे रबर बुश, उष्णतारोधक पट्टीचे स्क्रू तपासा. पत्र्याची बारीक थरथर गेली की तोच आवाज भरीव वाटतो.

प्रश्न: जाळी बसवली. आता आवाज नियमात आहे हे मोबाइलवर कसं बघू? पोलिसांनी अडवलं तर? (पुणे)

उत्तर: नियमातला आकडा मोबाइलवर बघता येत नाही. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७, त्याखाली ७५, ही मर्यादा गाडी तयार होताना लागू होते, आणि ती धावत्या गाडीपासून ७.५ मीटरवर मोजतात. पुंगळीपासून अर्ध्या मीटरवर घेतलेला आकडा त्याहून बराच मोठा येणार, त्याला घाबरू नका आणि त्याची ८० शी तुलनाही करू नका.

मोबाइल कामाला येतो तो आधीचं आणि नंतरचं ताडून बघायला. मोकळ्या मैदानात, तीन मीटरच्या आत भिंत नसताना, फोन पुंगळीच्या तोंडाच्या उंचीवर, अर्ध्या मीटरवर, तोंडाच्या रेषेशी ४५ अंशांत धरा. इंजिन गरम करा. कमाल ताकद ५००० आरपीएमच्या वर मिळत असेल तर त्याच्या निम्म्यावर इंजिन स्थिर ठेवा. जुन्या यूसीई इंजिनाच्या (कराडच्या वाचकाच्या गाडीसारख्या) ३५० ची कमाल ताकद ५२५० ला आहे, म्हणजे सुमारे २६००. नव्या जे-सिरीज इंजिनाच्या ३५० ची ६१०० ला, म्हणजे ३०५०. तीन वेळा मोजून सरासरी काढा. ३ डेसिबल उतरलं तर आवाजाची ऊर्जा निम्मी झाली, १० उतरलं तर कानाला आवाज निम्मा वाटतो.

अडवल्यावर कानाला मऊ वाटतो हा बचाव चालत नाही. आवाजाच्या मर्यादेच्या भंगाला मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं. पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र. गाडीत बेकायदा बदल केल्याबद्दल मालकाला कलम १८२अ(४) वेगळं, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. राज्यातल्या अनेक शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातले गेले आहेत. मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका, तेल लावून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

प्रश्न: समुद्राजवळ राहतो. नवी जाळी दोन पावसाळ्यांत गंजून तुटली, सायलेन्सरच्या खालच्या बाजूलाही पुळ्या आल्यात. (म्हापसा)

उत्तर: खालच्या बाजूच्या पुळ्या आतून आलेल्या आहेत, समुद्राचा दोष अर्धाच. गाडी साइड स्टँडवर असताना सायलेन्सरमध्ये पाणी जिथे साचतं ती जागा शोधा आणि तिथे ३ मिमीचं एक भोक पाडा. कंपनीच्या कित्येक सायलेन्सरना ते असतंच, काजळीने बुजलेलं असतं. त्यात तार घालून मोकळं करा. जाळी ३०४ स्टेनलेसची करून घ्या आणि वेल्डिंगची सळईही स्टेनलेसचीच वापरायला सांगा, नाहीतर गंज सांध्यापासून सुरू होतो. आठवड्यातून एकदा तरी गाडी २० किलोमीटर सलग चालवा, म्हणजे सायलेन्सर मागच्या टोकापर्यंत तापून आतलं पाणी वाफ होऊन जाईल. पावसाळ्यात गाडी नुसती पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद करणं टाळा, त्याने पाणी तयार होतं पण निघून जात नाही.